मागच्या चाकाची स्प्रिंग

दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून वाचावयास बसणारा मनुष्य क्वचितच आढळेल. कांच उत्तम असेल, चौकट सोन्याची असेल, तरी नंबर आपला नाहीं हें पहिल्या ओळीलाच कळतें. परंतु मोटारसायकलच्या बाबतींत हा साधा विवेक चांगल्या सुशिक्षित माणसालाहि सुचत नाहीं. आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वेगवान स्पोर्ट मोटारसायकली बाळगणारे तरुण पुष्कळ आहेत. गाडीबरोबर आलेला मागचा शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजांतून शॉकअप म्हणतात, तो त्यांतील कित्येकांच्या मनास येत नाहीं. नामांकित परदेशी कारखान्याचा नवा शॉकअप घ्यावा, तर किंमत झेंपत नाहीं. मग कोणाचा तरी वापरलेला विकत घेतात, दोन बोल्ट काढून तो जागेवर बसवितात, आणि आतां गाडी शर्यतीची झाली असें समजून घाटाची वाट धरतात.

त्या शॉकअपची स्प्रिंग पहिल्या मालकाच्या वजनाला अनुसरून निवडलेली असते. त्याचे लहान लहान स्क्रू त्या मालकाच्या संवयीप्रमाणें फिरविलेले असतात. कित्येकदां तो निराळ्याच गाडीवरून उतरलेला असतो. म्हणजे हाहि दुसऱ्याचा चष्माच होय. फरक इतकाच कीं, चुकीच्या चष्म्यानें डोकें दुखतें, आणि चुकीच्या शॉकअपमुळें ऐन वळणावर मागचें चाक जमीन सोडतें. हें साधन आजच्या रूपाला कसें आलें हें पाहिलें, तर तें जुळवावें कसें हेंहि त्या इतिहासांतूनच उमगतें.

स्प्रिंगचा धर्म इंग्लंडांतील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें इ. स. १६७८ मध्यें उघड केला. त्यापूर्वीं दोन वर्षें त्यानें तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपानें छापला होता. जितका भार, तितका ताण, हें त्या नियमाचें सार. एका विशिष्ट भारानें स्प्रिंग एक बोट दबत असेल, तर दुप्पट भारानें ती दोन बोटें दबेल. परंतु स्प्रिंगचा आणखी एक गुण आहे, आणि वाहनाच्या दृष्टीनें तोच दोष ठरतो. तिच्यांत जी शक्ति घालावी ती जवळजवळ सगळी ती परत करते. दाबलेली स्प्रिंग सोडली कीं ती मूळ जागीं थांबत नाहीं. पलीकडे जाते, परत येते, आणि असे झोके घेतां घेतां पुष्कळ वेळानें स्थिर होते. जुन्या घोडागाडीला हा दोष फारसा जाणवला नाहीं. तिच्या स्प्रिंगा पोलादी पाट्यांच्या असत. एकावर एक रचलेले ते पाटे परस्परांवर घांसत आणि त्या घर्षणांतच झोका जिरून जाई. वेटोळ्याच्या स्प्रिंगला असा आंतला लगाम नसतो. तो बाहेरून घालावा लागतो.

जर्मनींतील कान्स्टाट येथें गॉटलीब डाइमलर यानें १८८५ मध्यें पेट्रोलवर चालणारें जें दुचाकी वाहन तयार केलें, त्याची चौकट लांकडाची होती आणि चाकांना स्प्रिंगा नव्हत्या. पुढें मोटारसायकली कारखान्यांतून निघूं लागल्यावर पुढच्या चाकाला स्प्रिंगा लवकरच मिळाल्या. मागचें चाक मात्र अनेक वर्षें चौकटीला घट्ट जखडलेलेंच राहिलें. स्वाराला दणके बसूं नयेत म्हणून बैठकीखालीं दोन स्प्रिंगा लावीत, आणि तेवढ्यावर काम भागलें असें मानीत. अमेरिकेंतील ‘इंडियन’ नांवाच्या कंपनीनें (तिचा हिंदुस्थानाशीं कांहीं संबंध नव्हता) १९१३ मध्यें मागच्या चाकाला पाट्यांच्या स्प्रिंगा लावून पाहिल्या, परंतु ती चाल सर्वत्र रूढ झाली नाहीं.

या उपेक्षेचें मूळ एका गैरसमजांत होतें. स्प्रिंग ही स्वाराच्या सुखासाठीं आहे, अशी त्या काळची समजूत होती. वस्तुतः ती प्रथम चाकासाठीं आहे. चाक जमिनीला टेकलेलें असेल तरच इंजिनाचा जोर, ब्रेकची पकड आणि वळणाचा तोल हीं तिन्ही रस्त्याला पोंचतात. जखडलेलें चाक उंचवट्यावरून उडालें कीं जमिनीवर परत येईपर्यंत तें निरुपयोगी असतें. बैठकीखालच्या स्प्रिंगेनें स्वाराची पाठ वांचते. चाकाचें उडणें कांहीं थांबत नाहीं.

तरीहि शर्यतवाल्यांचा विरोध अगदींच निराधार नव्हता. मागचें चाक हलतें केलें, आणि त्याचा सांधा ढिला असला, तर वेगांत गाडीची शेपटी डावी-उजवीकडे वळवळूं लागे. शिवाय लगाम नसलेली स्प्रिंग एका खड्ड्याचा झोका पुढच्या खड्ड्यापर्यंत नेऊन पोंचवी. असा लगाम प्रथम फ्रान्समधील त्र्युफो यानें सायकलच्या पुढच्या काट्यावर योजला. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्ड यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो मोटारगाडीसाठीं बाजारांत आणला. दोन दांड्यांच्या सांध्यांत चकत्या एकमेकींवर दाबून धरावयाच्या, म्हणजे त्यांच्या घर्षणानें स्प्रिंगचा झोका मोडतो, अशी ही युक्ति होती. मधला नट आवळला कीं लगाम घट्ट, सैल केला कीं ढिला.

परंतु कोरड्या घर्षणांत एक उणीव असते. जड पेटी फरशीवरून ढकलावयाची असली, तर ती जागची हलवितांना जोर अधिक लागतो. एकदां सरकूं लागली कीं कमी जोर पुरतो. चकत्यांचा लगामहि असाच वागे. लहान खड्ड्यांत तो चाकाला हलूं देत नसे, आणि मोठ्या दणक्यांत, जेव्हां त्याची खरी गरज, तेव्हां तो अपुरा पडे. तेलाचा गुण याच्या अगदीं उलट आहे. नळकांड्यांत तेल भरावें, त्यांत बारीक भोंकांचा दट्ट्या सरकवावा. हळू सरकवला तर तेल निमूटपणें वाट देतें, वेगानें सरकवला तर तितक्याच जोरानें अडवितें. दणका जेवढा मोठा, तेवढा प्रतिकार मोठा. आजच्या प्रत्येक चांगल्या शॉकअपच्या पोटांत हेंच तत्त्व आहे. फक्त भोंकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांचे थर बसवून तेलाची वाट नेमकी मोजलेली असते.

मागच्या चाकाचें भाग्य उजळावयास १९२८ हें वर्ष उगवावें लागलें. त्या वर्षीं इटलींत मोतो गुझ्झी कारखान्याचा संस्थापक कार्लो गुझ्झी याचा भाऊ ज्युसेप्पे यानें इंजिनाखालीं स्प्रिंगा बसविलेली एक मोटारसायकल तयार केली, आणि ती स्वतः चालवीत तो नॉर्वेंत उत्तर ध्रुववृत्ताच्याहि पलीकडे गेला. त्याच वर्षीं इंग्लंडांत फिलिप व्हिन्सेंट या वीस वर्षांच्या तरुणानें मागच्या चाकासाठीं त्रिकोणी, हलत्या चौकटीचें पेटंट घेतलें. दोघांच्याहि कल्पना पुढें बहुतेकांनीं स्वीकारल्या. परंतु त्या वेळीं जाणकारांचें मन वळविण्यास युक्तिवाद पुरेसा नव्हता.

तें काम १९३५ मध्यें आयल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीनें केलें. तेथील रस्ता एका फेरीला सदतीस मैलांहून अधिक भरतो, आणि सीनियर शर्यतींत अशा सात फेऱ्या होत्या. नॉर्टन गाडीवर जिमी गथ्री होता. तिचें मागचें चाक जखडलेलें. मोतो गुझ्झीवर आयर्लंडचा स्टॅन्ली वुड्स होता. तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंग होती. स्वार ठराविक अंतरानें सोडले जात, म्हणून गथ्री आधीं निघाला आणि आधींच पोंचला. शेवटच्या फेरीपूर्वीं वुड्स पेट्रोलसाठीं थांबेल असा प्रतिपक्षाचा कयास होता, आणि वुड्सच्या सहकाऱ्यांनीं तशी तयारीहि मुद्दाम दाखविली. वुड्स न थांबतां निघून गेला. गथ्रीचें अभिनंदन चाललें असतांनाच वुड्सची वेळ जाहीर झाली. तो चार सेकंदांनीं जिंकला होता. सुमारें २६४ मैलांच्या शर्यतींत चार सेकंद! हा विजय केवळ स्प्रिंगेचा होता असें म्हणणें योग्य होणार नाहीं. त्यांत इंजिन होतें, स्वाराचें कौशल्य होतें आणि चातुर्यहि होतें. परंतु मागची स्प्रिंग वेगाला मारक आहे हा समज त्या दिवशीं संपला. पुढच्याच वर्षीं नॉर्टननें आपल्या शर्यतीच्या गाड्यांना मागें स्प्रिंगा लावल्या.

यानंतरच्या इतिहासांत आपल्या विषयाशीं अगदीं जवळचा असा एक प्रसंग आहे. उत्तर आयर्लंडांतील बेलफास्ट शहरीं रेक्स मॅककँडलेस नांवाचा स्वयंशिक्षित कारागीर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यानें एक मोटारसायकल रचली. तिच्या मागच्या चाकासाठीं लांब हलती बाहु, म्हणजे स्विंगआर्म, केली, आणि तिला उभे तेलाचे शॉकअप जोडले. ते शॉकअप मोटारसायकलचे नव्हतेच; ते सित्रोएन मोटारगाडीचे होते. जखडलेल्या चाकाच्या जुन्या गाड्यांना बसेल असा त्याच बनावटीचा संचहि पुढें निघाला. त्याच्या व त्याच्या भावाच्या अनुभवांतून घडलेली चौकट नॉर्टननें १९५० मध्यें स्वीकारली, आणि त्या वर्षीं जेफ ड्यूक यानें तिच्यावर सीनियर शर्यत जिंकली. स्वारांना ती पिसांच्या गादीसारखी भासली म्हणून तिचें नांवहि तेंच पडलें. परक्या वाहनाचा भाग घेऊन तो आपल्या गाडीला यशस्वी रीतीनें लावतां येतो, याचें याहून उत्तम उदाहरण नाहीं. परंतु मॅककँडलेसनें तो भाग नुसता अडकविला नव्हता. वजन, कोन आणि चाकाची चाल यांचा मेळ बसेपर्यंत तो त्याच्यामागें लागला होता.

युद्धानंतर तेलाचे शॉकअप सर्वत्र झाले. इंग्लंडांतील गर्लिंगसारख्या शॉकअपांना खालच्या बाजूस पायऱ्यांची एक कडी असे. ती फिरवून स्वार एकटा आहे कीं मागें कोणी बसलें आहे, त्याप्रमाणें स्प्रिंग आधींच थोडी अधिक दाबून ठेवतां येई. पुढें एक नवी अडचण दिसली. खडबडीत रस्त्यावर तेल तापतें, त्यांत हवा मिसळून फेंस होतो, आणि फेंसाला दट्ट्या अडवितां येत नाहीं. फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ दी कार्बाँ यानें १९५० नंतरच्या दशकांत तेल व वायु यांमध्यें सरकता पडदा ठेवून वायु दाबानें भरण्याची रीत काढली. तेल सतत दाबाखालीं राहिल्यानें फेंस होईना. बेल्जमच्या ल्यूसियाँ टिल्केन्स यानें दोन शॉकअपांच्या जागीं एकच लांब शॉकअप योजला. तो यामाहा कंपनीनें घेतला, आणि १९७३ मध्यें स्वीडनचा होकान आंदरसन त्याच जातीच्या गाडीवर २५० सी.सी. मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. १९७६ मध्यें स्वीडनच्या केंट ओलिन यानें स्वतःच्या नांवाचा कारखाना काढला. दोनच वर्षांनीं रशियाच्या गेन्नादी मोइसेयेव्ह यानें त्याच्या शॉकअपांवर जगज्जेतेपद मिळविलें. आज बाजारांत जे वापरलेले परदेशी शॉकअप दिसतात, त्यांच्या पोटांत ही सारी परंपरा आहे.

आपल्याकडे हीच विद्या दोन वाटांनीं आली. तेलाचे शॉकअप आणि स्विंगआर्म असलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटनें १९४८ मध्यें इटलींतील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेंत सुवर्णपदकें मिळविलीं. तीच बुलेट १९५५ पासून मद्रासेंत जुळूं लागली. मुंबईजवळ मुलुंड येथें १९६१ मध्यें गेब्रियल कंपनीनें शॉकअप तयार करण्यास आरंभ केला. परंतु कारखानदाराला एकच शॉकअप हजारों स्वारांसाठीं द्यावयाचा असतो. कोणी साठ किलोचा, कोणी नव्वद किलोचा. कोणी एकटा, कोणी सहकुटुंब. म्हणून तो मध्यम मापाचा शॉकअप देतो. त्यापेक्षां नेमका हवा असेल, तर माप स्वारानेंच घ्यावें लागतें.

तें माप घेण्याची रीत अवघड नाहीं. तिला एक फीतपट्टी, एक वही आणि दोन सोबती पुरतात. वापरलेला शॉकअप हातीं आला कीं प्रथम त्याच्या दांड्याचा चकचकीत भाग नीट पाहावा. त्यावर ओरखडा किंवा गंजाचा ठिपका असेल, तर तो तेलाची सील फाडणार हें ठरलेलेंच. सीलभोंवतीं तेलाचा ओलावा, सांध्यांत खुळखुळ, दांड्याला बांक, यांपैकीं कांहींहि आढळल्यास तो आधीं जाणत्या कारागिराकडे द्यावा. आंत वायु मोठ्या दाबानें भरलेला असतो, म्हणून घरीं तो उघडण्याचें धाडस करूं नये. दोन्ही टोंकांच्या छिद्रांमधील अंतर मूळ शॉकअपशीं ताडून पाहावें. शॉकअपची लांबी पांच मिलिमीटरांनीं वाढली, तर दांड्यांच्या तरफेमुळें गाडीची मागची बाजू सामान्यतः त्याच्या दुपटीनें उंच होते. पुढचा काटा अधिक उभा होतो, आणि गाडी वळावयास चपळ पण सरळ धांवण्यास अस्थिर होते. बसवितांना गाडी चौकटीवर तोलून धरावी, स्विंगआर्मवर नव्हे. बोल्ट ठराविक जोरानेंच आवळावे. आणि साखळीचा ताण पुन्हां तपासावा.

त्यानंतर स्प्रिंगेची परीक्षा. मागचें चाक हवेंत लोंबकळत असतां त्याच्या आंसापासून वरच्या एका खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. समजा, तें ६०० मिलिमीटर भरलें. गाडी जमिनीवर उभी करून, कोणी न बसतां, तेंच अंतर मोजावें. समजा, तें ५९० भरलें. मग स्वारानें नेहमींचा पोशाख करून, पाय जागेवर ठेवून बसावें, एकानें पुढून गाडी धरावी आणि दुसऱ्यानें मोजावें. समजा, तें ५६७ भरलें. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनानें १० आणि स्वारासह ३३ मिलिमीटर बसली. रस्त्यावरील स्पोर्ट गाडीला हे आंकडे साधारणपणें ठीक होत. सांध्यांच्या घर्षणामुळें माप थोडें फसवितें. म्हणून एकदां गाडी दाबून सोडावी, एकदां उचलून सोडावी, आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी.

स्वारासह बसण कमी-जास्त असेल, तर स्प्रिंगेवरची कडी फिरवून ती जुळवितां येते. येथें एक भ्रम फार पसरलेला आहे. कडी आवळली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असें पुष्कळांस वाटतें. हूकचा नियम आठवला तर हा भ्रम टिकत नाहीं. कडीनें स्प्रिंग कोठून दबूं लागेल तेवढें बदलतें; प्रत्येक मिलिमीटरला किती किलो, हा तिचा स्वभाव बदलत नाहीं. म्हणून दोन्ही आंकडे एकत्र वाचावे. स्वारासह ३३ मिलिमीटर साधावयास कडी इतकी आवळावी लागली कीं गाडी स्वतःच्या वजनानें मुळींच बसेना, तर स्प्रिंग त्या स्वाराला मऊ आहे. उलट, स्वारासह ३३ बसत असून मोकळी गाडीच २५ बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. दोन्ही प्रसंगीं स्प्रिंग बदलणें हाच उपाय होय. शॉकअप कितीहि नामांकित असला तरी त्याला इलाज नाहीं, आणि स्प्रिंगेची किंमत शॉकअपच्या मानानें थोडी असते.

शेवटीं तेलाचा लगाम. दाबलें जातांना अडविणारा स्क्रू एक, आणि परत फांकतांना अडविणारा दुसरा. पहिल्याला कॉम्प्रेशन आणि दुसऱ्याला रिबाउंड म्हणतात. पहिल्या मालकानें ते कोठें ठेवले होते, तें आधीं मोजून वहींत लिहावें. मग हलक्या हातानें पूर्ण बंद करून, तेथून कारखान्यानें सांगितलेल्या टिचक्यांइतके उघडावे. रिबाउंड फार सैल असेल, तर गाडी खड्ड्यानंतर उसळते. फार घट्ट असेल, तर ओळीनें खड्डे आले असतां चाक एका खड्ड्यांतून परतण्याआधींच दुसरा येतो. मागची बाजू खालीं खालीं जाते, पुढचें चाक हलकें होतें, आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस जाऊं पाहते. घाटांत समोरून गाडी येत असतां याचा अर्थ काय होतो, तें सांगावयास नको. म्हणून एका वेळीं एकच स्क्रू, एक-दोन टिचक्याच फिरवावा, आणि त्याच ओळखीच्या रस्त्यावर बेताच्या वेगानें पुन्हां फिरून यावें. दोन स्क्रू एकदम फिरविले, तर फरक कोणत्यानें पडला हें कळत नाहीं.

हूकनें नियम दिला, गुझ्झी आणि व्हिन्सेंट यांनीं मागच्या चाकाला मोकळीक दिली, तेल आणि वायूनें तिला लगाम घातला, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर स्वाराच्या हातीं एक नवी कडी, एक नवा स्क्रू आला. कारखान्याचें काम तेथें संपतें; पुढचें काम स्वाराचें. वहींत तारीख, स्वाराचें वजन, दोन्ही बसणी आणि टिचक्यांची संख्या लिहून ठेवावी. पुढें तो शॉकअप तिसऱ्या हातीं जाईल, तेव्हां ती वहीहि त्याच्याबरोबर द्यावी. घेणाऱ्याला निदान एवढें तरी कळेल कीं, हा चष्मा कोणाच्या नंबरचा होता.